तुरुंगाची भिंत आणि मतपेटी



गुन्हेगाराला मताचा अधिकार असावा का, असे अभ्यासवर्गातील मुलांनी विचारले, म्हणून आजचा विषय. एकदा शिक्षा झाली की मत कायमचे गेले, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 62(5) गुन्हा पाहत नाही. मतदानाच्या दिवशी माणूस कोठे आहे, एवढेच पाहते. तुरुंगात वा पोलिसांच्या ताब्यात असेल तर मत नाही. म्हणजे शिक्षा झालेला, पण अपिलात जामिनावर सुटलेला मनुष्य ऐटीत मत देतो. आणि जामीनदार मिळत नाही म्हणून नाशिकरोडच्या तुरुंगात पडलेला कच्चा कैदी मुकतो. त्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा असतो! 2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील दर चार कैद्यांत तीन कच्चे होते. ते कोणत्या वस्त्यांतले, हे या सभेला सांगायला नको. मौज अशी की, 2013 च्या दुरुस्तीमुळे हाच कैदी तुरुंगातून निवडणूक मात्र लढवू शकतो.

आपले लासलगाव येवला मतदारसंघात येते. येथील आमदार छगन भुजबळ 2017 मध्ये कच्चे कैदी होते. न्यायालयाच्या परवानगीने त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी मत दिले. त्या निवडणुकीला 1952 चा निराळा कायदा आहे. 2022 मध्ये राज्यसभेच्या वेळी अनिल देशमुख व नवाब मलिक यांना मात्र कलम 62 दाखवून नकार मिळाला.

सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये हे कलम वैध ठरवले. बंदोबस्त आणि साधने अपुरी, हे एक कारण. पण प्रतिबंधक कायद्याखालील स्थानबद्धाला टपालाने मत देता येते. मग कच्च्या कैद्यापर्यंत टपाल का पोचू नये?

आता अवघड प्रश्न. 2006 च्या खैरलांजीतील खुन्यांनाही मत द्यायचे का? माझे उत्तर, होय. राग मलाही आहे. परंतु त्यांना झालेली शिक्षा कैदेची आहे, ती त्यांनी पुरी भोगावी. मत हे चांगल्या वर्तणुकीचे प्रशस्तिपत्र ठरले, तर ते देणारा कोण? इंग्रजी अमलात मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मत मिळे. आपले आजे-पणजे त्याच चाळणीत गळाले. बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाचा आग्रह धरला तो ही चाळणी मोडण्यासाठी. घटनेच्या कलम 326 ने गुन्ह्याच्या कारणावरून अपात्र ठरवण्याची मुभा कायद्याला दिली आहे, हे खरे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे.

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. आपल्या हाती दुसरे काम आहे. तुरुंगातून सुटून आलेल्यांना आजही मत देता येते. यादीत नाव नसेल तर नमुना 6 भरावा लागतो. विद्यार्थ्यांनी मतदार यादी घेऊन घरोघर जावे, नावे तपासावीत, अर्ज भरून द्यावेत. कोणाला कशाबद्दल शिक्षा झाली होती, ते विचारू नये.