नवा जन्म, याच जन्मी

निकदेम नावाचा एक बडा यहुदी गृहस्थ होता. परूशी पंथाचा, शास्त्र जाणणारा, समाजात मानाची जागा असलेला. तो येशूला भेटायला आला तो रात्री. का, ते योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलेले नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती असावी, एवढे आपल्याला ओळखता येते. येशूने त्याला सांगितले, की नव्याने जन्म घेतल्याखेरीज देवाचे राज्य दिसायचे नाही. बिचारा गोंधळलाच. म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात पुन्हा कसे शिरावे, म्हणाला!

श्रोतेहो, त्याला हसू नये. मूळ ग्रीकातला ‘अनोथेन’ हा शब्द ‘पुन्हा’ असाही अर्थ देतो आणि ‘वरून’ असाही. निकदेमाने ‘पुन्हा’ तेवढे ऐकले. मराठीत तर अडचण आणखीच. ‘पुनर्जन्म’ म्हटले, की आपल्यापुढे मेल्यानंतरचा जन्म उभा राहतो, पूर्वकर्माचा हिशेब उभा राहतो. येथला जन्म मरणाआधीचा, याच देहातला. आणि कमावलेला नव्हे, देवाने दिलेला. म्हणून मला ‘नवा जन्म’ हेच शब्द बरे वाटतात.

मग हा जन्म होतो केव्हा? बाप्तिस्म्याच्या दिवशी, असे उत्तर चटकन येते. नोंदवहीला तारीख लागतेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची तारीख आहे १० फेब्रुवारी १८९५, गाव मुंबई. पण सुरुवात दोन वर्षे आधीची. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तेथेच सापडले. आणि शेवट कोठला म्हणावा? १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी!

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या नातेवाइकांत राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, पण सोवळे सुटेना. प्रेम होते, पतीविषयी आदर होता. पाणी मात्र वेगळे! मला वाटते, माणसाचे मन बदलते त्याच्या कितीतरी मागून त्याचा हात बदलतो. धर्मशास्त्राचे ग्रंथ या हाताविषयी फारसे बोलत नाहीत.

मग एकदा त्यांच्या मनाने घेतले, की या जाती देवाने केल्या की माणसांनी? पशुपक्ष्यांत तऱ्हा असतील, माणसांत जाती दोनच, बाई आणि पुरुष. त्यांनी ठरवून टाकले, आजपासून कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

कोणी म्हणेल, ही तर समाजसुधारणा झाली, अध्यात्म कोठे आहे? मी म्हणेन, दुसऱ्याच्या हातचा पेला ओठाला लावताना जे आतून हलते, ते काय असते? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ते सारे साध्या घरगुती भाषेत लिहून ठेवले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ती पाने जरूर काढून वाचावीत. हसूही पुष्कळ येईल.