शनवार तेली आणि त्यांचे पाहुणे

कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले, हें तिकडच्या श्रोत्यांस ठाऊक असेल. ते बहुतेक कॅथलिक होते. युरोपांतून निसटलेल्या कांहीं ज्यू तरुणांना आसरा मिळाला तो मुंबईंत. १९३४ सालीं आलेला वॉल्टर कॉफमन त्यांपैकींच; आकाशवाणीची ओळखधून त्याच्याच नांवावर आहे.

शुक्रवारीं सूर्य मावळला कीं ज्यूंचा शब्बाथ लागतो. मुंबईंत तेव्हां तो तीन तऱ्हेचे ज्यू पाळीत: मराठी बोलणारे बेने इस्रायल, ससून घराण्याच्या मागोमाग आलेले बगदादी, आणि हे युरोपीय. देव एक, दिवस एक, पंगती मात्र निराळ्या.

बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांतून वांचले. हिब्रू भाषा गेली, ग्रंथ गेले. शेमा हें श्रद्धावचन तेवढें मुखीं राहिलें, आणि शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवण्याची रीत राहिली. इतर तेली सोमवार पाळीत, म्हणून ह्यांना शनवार तेली हें नांव पडलें. द्राक्षमद्य नसे, तेव्हां काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हणावयाचा आणि खोबरेल तेलाचा दिवा लावावयाचा. बैलाला विसांवा देऊन ज्यांनीं शतकानुशतकें आपला धर्म राखला, त्यांना सामुदायिक प्रार्थनेस लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजावें कीं नाहीं, अशी शंका कित्येक बगदादी घेत! शेजारीं बसलेल्याला दहांतून वगळणें, ह्याहून मोठा उपमर्द तो कोणता? पुढें इस्रायलांतहि विवाहाच्या वेळीं त्यांची वंशावळ तपासण्याची आज्ञा निघाली. तिच्याविरुद्ध त्यांनीं निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं ती आज्ञा फिरवावी लागली.

मुंबईंतलें मागेन डेव्हिड हें बगदाद्यांचें प्रार्थनामंदिर १८६० च्या दशकांतलें. आतां शहरांत बगदादी बोटांवर मोजण्याइतके उरले. तेथें दहांची संख्या भरते ती मुख्यतः बेने इस्रायलांच्या बळावर. कधीं इस्रायल-अमेरिकेहून आलेले प्रवासी तरुण तींत भर घालतात. शब्बाथच्या रात्रीं असा पाहुणा एखाद्या बेने इस्रायल घरीं जेवावयास बसला, कीं पेल्यांतला रस कसला म्हणून विचारतो. मग यजमान त्याला मनुकांपासून सुरुवात करून घाण्यापर्यंत सगळी हकीकत सांगतात.