जुनी ईको घेताय? आधी घरचे बसवा, मग टोकन द्या

आज कोड नाही, करिअर नाही. आज गाडी. आणि आमच्या घरात दहा हजारांना पडलेला एक धडा.

मी स्वारगेटला राहतो. घरात आम्ही सहा जण, गाव वाईकडे. इतकी वर्षं एसटी स्टँड चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे गाडीची गरजच वाटली नाही. पण आता आजीला एसटीची पायरी चढवत नाही. बाबा म्हणाले, जुनी सात सीटर ईको बघू. एका रविवारी त्यांनी पांढरी, चकचकीत ईको पाहिली आणि मला न विचारता दहा हजार टोकन देऊन आले.

संध्याकाळी मी आरसी मागवली. त्यावर अजून बँकेचं नाव. विकणारा म्हणे, "लोन कधीच फिटलंय, कागद येतील." मग सर्वांत मागची सीट उचलून पाहिली. खाली पेन्सिलींचे तुकडे, चॉकलेटचे कागद, आणि सीटबेल्टची बकलं गायब. नंबर प्लेट पांढरी, म्हणजे खासगी. पण गाडी बहुतेक शाळेची पोरं वाहत होती. कागद काही आले नाहीत, आम्ही व्यवहार सोडला. टोकनही गेलं ते गेलंच.

तर माझं म्हणणं एवढंच: व्हॅन घेताना "किती पळाली" याच्याआधी "कोणाला घेऊन पळाली" ते विचारा. घरच्या सहा जणांची गाडी आणि रोज ठासून भरलेली गाडी, दोन्हींचं मीटर सारखंच दिसू शकतं. मीटर मागेही करता येतं. पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हर सीटचा फोम मात्र सहसा खरं सांगतात. मीटर तीस हजार आणि पेडल गुळगुळीत? मग गडबड आहे.

आता दुसरी ईको आम्ही कशी तपासली, ते सांगतो.

एक, गाडी थंड असताना जा. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून सीट उचलायला सांगा. "राहू दे हो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. मॅट काढून पत्र्याचा गंज बघा. सरकता दरवाजा एका हाताने सहज सरकला पाहिजे.

दोन, भरून चालवा. फक्त तुम्ही आणि विकणारा अशी चक्कर मारून काही कळत नाही. आम्ही सहाही जण बसलो आणि सातारा रोडने थेट कात्रजचा जुना घाट गाठला. चढावर इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी जोर धरत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आलीय. ईको मागच्या चाकांवर चालते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की खालून 'टक्' आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घासलाय. वर पोचल्यावर एसी चालू ठेवून इंजिन जास्त तापतंय का ते बघा.

तीन, टायर. बाजूला चार आकडे असतात. '2319' म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं.

चार, सीएनजी असेल तर आरसीवर इंधनात सीएनजी लिहिलेलं हवं. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख बघा. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर नसेल तर इन्शुरन्सच्या क्लेमला वांधे.

पाच, कागद. चासी नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी जुळवा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून वाहनाचा वर्ग, इन्शुरन्स, पीयूसी बघा. ई-चलन थकलंय का तेही बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. इन्शुरन्स 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

आणि विकणारा नाव बदलायला टाळाटाळ करत असेल तर त्याला शांतपणे सांगा: सुप्रीम कोर्टाने 2018मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात म्हटलंय की गाडी विकली तरी आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे घाई त्यालाही हवी!

त्या दिवशी घाटात आजी मधल्या सीटवर बसली होती. खाली उतरल्यावर म्हणाली, "पायरी उंच नाही, आणि पाठीला दणका बसला नाही." आमच्या अख्ख्या यादीत हा मुद्दाच नव्हता. गाडी घेतली कोणासाठी, तर तिच्यासाठी. म्हणून यादी फोनवर ठेवा, पण ज्याच्यासाठी गाडी घेताय त्याला आधी बसवा. टोकन सगळ्यात शेवटी.

घरात कोणी जुनी गाडी बघत असेल तर हा भाग त्यांना पाठवा, टोकन द्यायच्या आत. चला, भेटू पुढच्या भागात!