सोडतीचे तिकीट की देणगीची पावती?



बालवाडीच्या खोलीवर नवे पत्रे घालावयाचे आहेत आणि त्यासाठी पैठणीची सोडत काढावी, अशी सूचना गेल्या बैठकीत आली. हेतू चांगला आहे. तरीही मला तिच्याविरुद्ध बोलावयाचे आहे.

सोडतीवर मोठाली कामे झाली आहेत, हे खरे. कलकत्त्याचा टाऊन हॉल १८१३ साली उभा राहिला तो सोडतीच्या पैशावर. १९६९ साली आपल्या महाराष्ट्र राज्यानेही लॉटरी सुरू केली. पण सरकारला साधते ते आपल्याला साधेल काय? १० रुपयांची ५०० तिकिटे छापली असे धरा. सगळी खपली तर ५,००० रुपये. त्यातून २,००० ची पैठणी, शिवाय छपाई, मांडव, चहापाणी. हाती निम्मे उरले तरी पुष्कळ. आणि तिकिटे घेणार कोण? आपल्याच जावा, नणंदा आणि शेजारणी! दिलेल्या रुपयातले आठ आणे दुकानदाराकडे जाणार, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरी गोष्ट कायद्याची. सरकारी किंवा सरकारमान्य नसलेली सोडत काढण्यासाठी जागा ठेवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आता कैद म्हणजे कुठे, ते कळंब्यात राहणाऱ्या बायकांना मी काय सांगावे!

मग पैसे आणावेत कोठून? अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. देणाऱ्याला बक्षीस काही नव्हते, पण आपला पैसा कशात गेला ते ठाऊक होते. आपणही तसेच करू. पत्र्यांचा दर फळ्यावर लिहू, घरोघर जाऊ, ५ रुपये दिले तरी पावती फाडू आणि जमाखर्च दर महिन्याला येथे वाचू.

चिठ्ठी उचलण्याची हौस हळदीकुंकवाला भागवावी. आलेल्या सगळ्यांची नावे वाटीत टाकावीत, कोणाकडून पैसा घेऊ नये, आणि बक्षीस एखादीने घरचे द्यावे. माझ्याकडची पितळी समई मी देते.

पावतीपुस्तके खजिनदारबाईंकडे ठेवली आहेत. गल्ल्यांची वाटणी आजच करून टाकू. मृगाच्या आत पत्रे चढले पाहिजेत.