फेफरे आणि मेंदूतील वीज



आमचे शिक्षण यंत्रमागांच्या खडखडाटात झाले. पुस्तके वाचली ती पाळी सुटल्यावर. डॉक्टरांच्या विषयावर आम्ही बोलावे हे धाडसच. पण त्यामागे एक ऋण आहे, ते आधी सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी शेजारच्या मागावरचा आमचा जोडीदार रात्रपाळीत फेफरे येऊन पडला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला. आम्ही स्वतः त्याच्या दातांत चमचा घातला. दुसऱ्या दिवशी मालकाने त्याचा हिशेब करून टाकला. एरवी बोनससाठी दारात ठाण मांडणारे आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. कारण हे काही बाहेरचे आहे, असे आम्हांलाही मनातून वाटत होते!

बाहेरचे काय असते ते आता पाहू. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणाच्या आत-बाहेर क्षारांचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे पेशी स्वस्थ असताना तिथे सुमारे ७० मिलिव्होल्टचा विद्युत्‌दाब असतो. इशारा मिळाला, की आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे विद्युत्‌भारित कण आत घुसतात आणि विजेची लहर तंतूवरून धावत जाते. हॉजकिन आणि हक्सले यांनी माखल्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ साली याचे गणित मांडले. त्याबद्दल त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मागाला जसा ब्रेक, तसा मेंदूलाही असतो. काही पेशी इतरांना चेतवतात, काही आवरून धरतात. हा तोल बिघडला, की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात लहरी सोडू लागतात. हेच फेफरे. बाहेरचे काहीच नाही. आतलीच वीज, पण बेशिस्त झालेली!

ही वीज डोक्यावरून टिपता येते. जर्मनीतील हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध फेफऱ्यावर लागू पडल्याचे दिसले. अतिरेक करणाऱ्या पेशींची सोडियमची दारे ते लवकर उघडू देत नाही. आज योग्य औषधोपचाराने दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात.

निरोगी मज्जापेशी कशी चालते हे कळले, म्हणून रोग कळला. आणि रोग कळला, म्हणून कलंक धुतला जाऊ लागला. फेफरे हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते. १९९९ साली ते वगळण्यात आले.

तेव्हा कोणाला झटका आला, तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर दवाखान्यात न्या. आणि कामाचे म्हणाल, तर झटके आटोक्यात येईपर्यंत त्याला फिरत्या यंत्रापासून दूर ठेवावे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण कापड तपासायला, घडी घालायला त्याला कोणती अडचण?

हा प्रश्न आम्ही त्या दिवशी मालकाला विचारायला हवा होता. तो जोडीदार गाव सोडून गेला. पुन्हा भेटला नाही. तुमच्या शेजारी कोणी असा असेल, तर आमच्यासारखे गप्प बसू नका, एवढेच मागणे आहे.