वाटसरूची चोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या गावाच्या नावातच सडक आहे. पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग आपल्या दारावरून जातो. रात्रंदिवस परगावची माणसे आपण पाहतो. म्हणून आज एका वाटसरूची हकीगत सांगणार आहे.

मुंबईचे योगेश आलेकरी १ मे २०२५ रोजी मोटारसायकलवर एकटे निघाले. १७ देश ओलांडून ऑगस्टअखेर ते इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी पोहोचले. पुढे आफ्रिकेत जाण्याचा त्यांचा बेत होता. तेथील वोलाटन पार्कपाशी गाडी उभी करून ते न्याहारीला गेले आणि तेवढ्यात चोरट्यांनी ती पळवली. गाडीवरच्या सामानात पासपोर्ट होता, पैसे होते, कपडेलत्ते होते. सारेच गेले.

भगिनींनो, गावात गाडी गेली तर माणूस पायी घरी येतो. परमुलुखात तसे नसते. पासपोर्ट गेला की त्यावरचे पुढील देशांचे व्हिसाही जातात. मग आधी पोलिसांत नोंद करायची, नंतर आपल्या उच्चायोगाकडे अर्ज करायचा. नवा पासपोर्ट मिळेपर्यंत थांबायचे, नाहीतर केवळ मायदेशी परतण्यापुरता कागद घेऊन यायचे. गाडीचे प्रकरण आणखी निराळे. काही देशांत परक्याची गाडी आत घेताना हमीपत्र लागते, त्यास कार्ने म्हणतात. आत आलेली गाडी बाहेर गेली नाही, तर ती तेथेच विकली असे धरून जकात मागतात. अशा वेळी चोरीची पोलिसनोंद हाच मोठा आधार.

पण ही गोष्ट येथे संपत नाही. त्याच भागातील मॅन्सफील्ड गावच्या एका मोटारसायकल विक्रेत्याने ही वार्ता ऐकली आणि तशीच दुसरी गाडी त्यांना विनामूल्य दिली. चोरही त्याच मुलुखातला, दाताही त्याच मुलुखातला! मुलुखाची कीर्ती कोणाच्या हाती असते, हे यावरून कळते.

उद्या कोहमाऱ्याच्या नाक्यावर असाच एखादा नागवला गेलेला प्रवासी उभा राहिला, तर आपण काय करू? पुष्कळदा लोक त्यालाच भामटा समजतात. ही त्याची दुसरी चोरी होय. पहिलीत सामान जाते, दुसरीत अब्रू जाते.

त्याला पाणी द्या, ताटभर भात वाढा आणि ११२ क्रमांक लावून द्या. चोरी दुसऱ्या हद्दीत झाली असली तरी त्याला परत पाठवण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाप्रमाणे गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. हे आपल्यापैकी प्रत्येकीला तोंडपाठ हवे.

आणि आपण स्वतः पंढरपूरला वा काशीला निघालो, तर पैसे, कागद आणि फोन एकाच पिशवीत ठेवू नयेत. थोडे पैसे व कागदांच्या नकला अंगावर असाव्यात, एक नकल घरी असावी.

सडकेवरच्या गावाला सडकेचा धर्म असतो. तो आपले मंडळ पाळील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेते.