गंजातून बंदराकडे



संमेलनाच्या पाहुण्याने थोरांची चरित्रे सांगावीत असा शिरस्ता आहे. परंतु ज्याचा सारा जन्म लातूरच्या गंजात, अडतीच्या वह्यांत आणि बारदानाच्या धुळीत गेला, त्याने शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्यांच्या लेकरांपुढे आपल्या उदिमाखेरीज दुसरे काय बोलावे?

१९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली, आणि तेव्हापासून कित्येक दशके आमचा माल अरुंद रुळांवरून कुर्डुवाडीस जाई व तेथे मोठ्या गाडीत चढविण्यासाठी गोणीन् गोणी हमालांच्या पाठीवर येई. ‘बंदर फार दूर’ ही आपली कैफियत त्या काळी निराधार नव्हती. पुढे रूळ रुंद झाले. कैफियत तेवढी राहिली, आणि तिचे मूळ अंतरापेक्षा आपल्या आळसात अधिक असावे, असा मला संशय आहे. कारण म्यानमार आणि मोझांबिकची तूर जहाजाने येतेच की, आणि तिची आवक वाढली की आपल्या तुरीचा भाव उतरतो!

मी प्रथम परदेशी रवाना केली ती चिंच. नमुना कोरडा, पोती ओलसर. माल परत आला. दोष सर्वस्वी माझा, कारण कोणत्या पोत्यात कोणाचा माल, याची खातरजमाच मी केली नव्हती. २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांवर असाच, पण कितीतरी मोठा प्रसंग ओढवला. गोडीत उणीव नव्हती. परंतु वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळला, माल नाकारला गेला आणि बागाइतदार कर्जात रुतले. परदेशचा ग्राहक फळाबरोबर त्याचे दफ्तरही मागतो: बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, तोडणीपूर्वीची तपासणी. हे दफ्तर चोख असले, तर दूरच्या दुकानातील पेटीवरूनही तिची बाग शोधून काढता येते.

शेजारच्या निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा मला अभिमान आहे. तथापि ती सनद आहे. सनदेने नाव राखले जाते, माल आपोआप खपत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर वडिलांना एवढेच विचारा, की मागल्या फवारणीचे औषध, मात्रा आणि तारीख कोठे लिहिली आहे. आणि लिहिली नसेल, तर जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर ती आज रात्रीच लिहून काढा.